भजन देवाचं, गाडीभाडं कोणाचं?



मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. कुहीकडच्या एका गावातलं आपलं महिला भजनी मंडळ नागपूरला रामदासपेठेत गायला गेलं. एका मोठ्या घरचा कार्यक्रम होता. हॉटेलचा हॉल, दीडशे माणसं. फोन करणारा म्हणाला होता, "ताई, तुमचं बरोबर करून देऊ, काळजी करू नका." त्या भरवशावर दहा जणी गाडी सांगून गेल्या. दोन तासांसाठी बोलावलं होतं, साडेतीन तास गायल्या. लोक खूश झाले, कितीतरी जणांनी मोबाईलवर शूटिंग केलं. निघताना प्रत्येकीला एक साडी, एक नारळ आणि मंडळाला एक पाकीट मिळालं.

पाकिटात दोन हजार रुपये होते आणि गाडीवाल्याचे झाले होते तीन हजार. रात्री बारा वाजता गावात उतरल्यावर कमी पडलेले हजार रुपये अध्यक्ष ताईंनी घरच्या डब्यातून काढून दिले. पंधरा दिवसांनी त्याच रात्रीचा एक व्हिडिओ फिरत फिरत गावात आला. गाणं ह्यांचं, आवाज ह्यांचा, पण मंडळाचं नाव कुठंच नव्हतं.

पुढच्या सभेत एक जण म्हणाली, "देवाचं गाणं हाये बाई, पैसे कसे मागाचे?" दुसरी म्हणाली, "देवानं बलावलं होतं का आपल्याले? त्या मानसानं बलावलं."

दोघींचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच हा विषय अवघड जातो. आपण पापडाचा, लोणच्याचा, शिलाईचा दर ठरवायला शिकलो. गाण्याचा दर सांगताना मात्र जीभ जड होते. आपल्या गावोगावच्या गटांत भजन, भारूड, भीमगीतं, लग्नातली आणि हळदीची गाणी म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांना शहरातून बोलावणी येतात. ती कशी घ्यायची, दर कसा सांगायचा, फसवणूक कशी टाळायची, हे ह्या लेखात सांगतो आहोत.

आधी ठरवा: सेवा कुठली आणि काम कुठलं

गावच्या देवळातली काकडआरती, शेजारच्या घरी दुःख झालं तेव्हाचं भजन, ३० एप्रिलची ग्रामजयंती, विहारातली वंदना ही आपली सेवा आहे. तिथे पैशाचा विषय काढायचा नाही आणि कोणी काढला तरी नको म्हणायचं.

पण जिथे मांडववाल्याला पैसे मिळतात, आचाऱ्याला मिळतात, फोटोवाल्याला मिळतात आणि तुम्ही कधी यायचं, किती वेळ गायचं, काय गायचं हे दुसरा कोणी ठरवतो, तिथे तुम्ही कामाला गेलेल्या असता. गाणं देवाचंच राहतं, त्यात काही कमी होत नाही. पण गाडीत डिझेल लागतं, त्या दिवसाची मजुरी बुडते आणि घरी लेकरांना कोणीतरी सांभाळत असतं.

हे काही नवीन नाही. कीर्तनकारांना आपल्याकडे पूर्वीपासून बिदागी देतात. तमाशाच्या फडाला सुपारी असते. मोबदल्याचे हे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत, आपल्याला ते फक्त तोंडानं उच्चारायचे आहेत.

म्हणून पहिलं काम असं करा. मंडळाच्या ठराव वहीत तीन याद्या लिहा. पहिली, बिनपैशाची: गावातले आणि दुःखाचे प्रसंग. दुसरी, फक्त खर्चाची: शाळा, दवाखाना, दुसऱ्या गटाचा किंवा ग्रामसंघाचा कार्यक्रम. तिसरी, पूर्ण दराची: हॉटेल, हॉल, कंपनी, लग्न, हळद, वाढदिवस, शहरातल्या सोसायटीचा उत्सव. ठराव सगळ्यांच्या सह्यांनी करा. मग फोनवर "आम्हाला विचारून सांगावं लागेल" असं अडखळत बोलावं लागणार नाही. "आमच्या मंडळाचा ठराव आहे," एवढं म्हटलं की पुरतं.

वडसा आणि नारायणगाव काय शिकवतात

कलेचा बाजार कसा चालतो हे बघायला लांब जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या झाडीपट्टीतल्या गावांत दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशात आहेत. गावची माणसं तिथे जातात, नाटक निवडतात, तारीख ठरवतात आणि रक्कम ठरवून येतात. ह्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

दुसरं ठिकाण पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव. गुढीपाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन फडांना सुपारी देऊन जातात.

ह्या दोन्हीत शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एक, कलावंत कुठे भेटेल हे लोकांना माहीत आहे. दोन, हंगाम कधी आहे हे कलावंताला माहीत आहे आणि त्याच्या आधीच तो तयार असतो. तीन, रक्कम आधी ठरते, कार्यक्रम नंतर होतो. आपल्या मंडळाचं रामदासपेठेत नेमकं हे तिसरंच राहिलं होतं.

दर कसा काढायचा

"दुसरे किती घेतात?" ह्यापासून सुरुवात करू नका. आपला खर्च किती, ह्यापासून करा. खाली दहा जणींच्या मंडळाचा नमुना दिला आहे. गाव नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर आणि कार्यक्रम संध्याकाळचा, असं धरलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावची मजुरी आणि गाडीचा भाव घालून नवे काढा.

बुडालेली मजुरी, १० जणी × ३०० रुपये: ३,०००
दोन दिवसांचा सराव, १० जणी × २ दिवस × ५० रुपये: १,०००
गाडी, जाणं-येणं: ३,०००
चहा-जेवण, १० जणी × ८० रुपये: ८००
वाद्यांची झीज (तबल्याची पुडी, पेटीचा भाता, टाळांच्या दोऱ्या): ३००
फोन, झेरॉक्स वगैरे: १००
एकूण: ८,२००
मंडळाच्या निधीसाठी शंभरामागे २० रुपये: १,६४०
सगळं मिळून: ९,८४०, म्हणजे सरळ १०,००० रुपये.

आता कोणी म्हणालं, "ताई, पाच हजारात करा ना," तर मनात हिशेब करा. पाच हजारातून गाडीचे तीन हजार आणि जेवणाचे आठशे गेले की उरले बाराशे. दहा जणींत वाटले तर एकीला १२० रुपये. त्या दिवशी कापूस वेचायला गेली असती तरी ह्यापेक्षा जास्त मिळाले असते. हा हिशेब तोंडपाठ असला की "नाही जमणार दादा" हे वाक्य आपोआप निघतं.

घासाघीस होणारच. पण रक्कम कमी करायची तर काम किंवा खर्चही कमी करा. दहाऐवजी सहा जणी येऊ म्हणा. तीन तासांऐवजी दीड तास गाऊ म्हणा. किंवा कार्यक्रम दुपारचा ठेवा म्हणा. दुपारचा कार्यक्रम असला तर एसटीनं जाता येतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मोरभवनचं बसस्थानक सीताबर्डीत आहे, तिथून रामदासपेठ जवळच आहे. गाडीचे पैसे वाचले तर तेवढा दर खाली आणता येतो आणि आपल्या वाट्याला धक्का लागत नाही. काहीही न बदलता नुसती रक्कम सोडली, तर पुढच्या वेळी तोच तुमचा दर होतो.

फोन आला की काय विचारायचं

फोनवर "हो" म्हणण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या.

१. कार्यक्रम कोणाकडे आणि कशाचा? बोलणारा घरचा आहे की मधला माणूस? मधला असेल तर त्याचं कमिशन किती आणि ते कोण देणार?

२. तारीख, पोचायची वेळ, गायची वेळ आणि संपायची वेळ कोणती? ठरल्यापेक्षा जास्त वेळ गावं लागलं तर दर अर्ध्या तासाला किती?

३. माईक आणि साउंड कोणाचा?

४. कपडे बदलायला खोली आणि बायांसाठी स्वच्छतागृह आहे का? आपली मंडळी तिथे जेवणार आहेत का, आणि केव्हा?

५. रात्री परत यायची गाडी कोणाची? शेवटची एसटी निघून गेल्यावर दहा बाया शहरात अडकून पडतात. हा प्रश्न विचारायला कधीच लाजू नका.

६. व्हिडिओ काढणार आहेत का? काढला तर तो कुठे टाकणार?

रामदासपेठेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा भाग दवाखान्यांचा आहे. कायद्यानं दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा पट्टा सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायला मनाई असते. म्हणून पोलिसांची परवानगी बोलावणाऱ्यानं काढायची, हे आधीच सांगा. ह्यात आपला फायदाही आहे. खंजिरी, टाळ, एकतारी, चिपळ्या ह्यांना भोंगा लागत नाही. "आम्ही बिनमाईकचं, घरातल्या हॉलमध्ये बसून दीड तासाचं भजन करतो," असं सांगितलं तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ते सोयीचं पडतं. डीजेवाल्याला हे जमत नाही, आपल्याला जमतं.

तोंडी नको, कागद करा

करारनामा म्हटलं की स्टॅम्प पेपर आठवतो. तेवढं करायची गरज नाही. फोन झाल्यावर व्हॉट्सअॅपवर एक निरोप टाका: "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, संध्याकाळी ६ ते ८, दहा जणींचं भजन, एकूण १०,००० रुपये. त्यातले ५,००० इसार आल्यावर तारीख पक्की. उरलेले ५,००० कार्यक्रम सुरू होण्याआधी. साउंड आणि जेवण तुमच्याकडे. कृपया 'मान्य' असं कळवा." समोरून "मान्य" आलं की तो तुमचा पुरावा झाला. इसार आला नाही तर तारीख मोकळी समजायची आणि तसं कळवायचं.

उरलेली रक्कम कार्यक्रमाआधी का मागायची? कारण कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांची गडबड असते, यजमान सापडत नाही आणि आपली गाडी बाहेर उभी असते. हे उद्धटपणाचं नाही. मांडववाला आणि केटररही असंच करतात.

पैसे मंडळाच्या बँक खात्यात घ्या. त्या खात्यावर यूपीआय नसेल तर ठरावानं एका ताईंचा नंबर ठरवा. पैसे आले की दोन दिवसांत मंडळात जमा, आणि पावती वहीत. गटाच्या बचतीची वही आणि मंडळाची वही वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र झाल्या की भांडणाला सुरुवात होते.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. "कार्यक्रम पक्का, इसार पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असा फोन आला तर तो चोर आहे असं समजा. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. "चुकून जास्त पाठवले, परत करा," असं कोणी म्हटलं तर आधी बँकेत जमा झाले का ते बघा, नुसता आलेला मेसेज बघून परत करू नका. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० ह्या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

लोकांना कळणार कसं?

जाहिरात म्हटलं की बायांना वाटतं, आता ह्याला पैसे लागतील. गाण्याच्या धंद्यात सगळ्यात चांगली जाहिरात म्हणजे ज्यानं ऐकलं त्यानं दुसऱ्याला सांगणं. पण त्याला सांगता यावं म्हणून आपलं नाव आणि नंबर त्याच्याजवळ असायला हवा. रामदासपेठेत दीडशे माणसांनी ऐकलं, पण कोणालाच मंडळाचं नाव माहीत नव्हतं. दोन हजारांपेक्षा ते नुकसान मोठं होतं.

म्हणून मंडळाला एक नाव द्या, त्यात गावाचं नाव असू द्या. एक छोटा फलक शिवून घ्या किंवा छापून घ्या: नाव, गाव, मोबाईल नंबर. गाताना तो मागे लावा. मग कोणीही व्हिडिओ काढला तरी नंबर त्यात येतो. सुरुवातीला आणि शेवटी एका ताईनं माईकवर नाव सांगायचं, हे कामही वाटून द्या.

एक मिनिटाचा व्हिडिओ तयार करा. देवळात किंवा समाजमंदिरात, पंखे बंद करून, दिवसाच्या उजेडात, मोबाईल एका जागी टेकवून. आवाज स्वच्छ आला पाहिजे. चेहरे थोडे अंधारात गेले तरी चालतील. व्हॉट्सअॅप बिझनेस हे फुकटचं अॅप आहे. त्यात मंडळाचं नाव, गाव, कामाची वेळ लिहिता येते आणि कार्यक्रमांचे प्रकारही टाकता येतात: दीड तासाचं भजन, हळदीची गाणी, भारूड, भीमगीतं.

शहरात कोणाला सांगायचं? मोठ्या इव्हेंट कंपन्यांच्या मागे लागण्याआधी मांडव-डेकोरेशनवाले, साउंडवाले, केटरर, हॉलचे व्यवस्थापक, पूजा सांगणारे गुरुजी, सोसायटीचे सेक्रेटरी ह्यांना भेटा. कार्यक्रम ठरला की ह्यांना सगळ्यात आधी कळतं. एखाद्या दिवशी दोघी जणी कामानिमित्त नागपूरला गेल्या की दहा कार्डं देऊन या.

हंगामाची यादी भिंतीवर लावा. श्रावण, गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कार्तिक, लग्नसराई, भागवत सप्ताह, १४ एप्रिल. प्रत्येकाच्या दीड-दोन महिने आधी जुन्या यजमानांना एक निरोप टाका. गणपती बसल्यावर निरोप टाकून उपयोग नसतो, तोपर्यंत त्यांचे कार्यक्रम ठरलेले असतात.

यूट्यूबबद्दल मात्र खोटी आशा नको. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला चॅनेलचे १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज लागतात. छोट्या मंडळासाठी यूट्यूब म्हणजे कमाईचं साधन नाही, ओळखपत्र आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्यांचा आवाज घरोघरी पोचला हे खरं, पण त्याआधी त्या कित्येक वर्षं दारोदारी जाऊन गात होत्या. व्हिडिओनं नाव पोचवलं, आवाज मात्र त्यांनी आधीच कमावलेला होता.

गाणं कोणाचं, चाल कोणाची

हा भाग जरा नीट वाचा, कारण व्हिडिओ टाकताना अडचण इथेच येते.

आपल्या देशात लेखक-कवी गेल्यानंतर ६० वर्षं त्यांच्या लेखनाचा हक्क वारसांकडे किंवा ज्यांना दिला त्यांच्याकडे असतो. ज्ञानोबा, तुकोबा, जनाबाई ह्यांचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण त्याच अभंगाला एखाद्या संगीतकारानं दिलेली चाल आणि कंपनीनं काढलेलं रेकॉर्डिंग हे वेगळं, त्यावर त्यांचा हक्क असू शकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. हे ६० वर्षांचं गणित २०२८ च्या अखेरीस पूर्ण होतं. म्हणून त्यांची भजनं विकायच्या किंवा कमाईच्या व्हिडिओत घेण्याआधी गुरुकुंज मोझरीला विचारून घेणं चांगलं.

धार्मिक विधीत आणि लग्नाच्या समारंभात प्रत्यक्ष गायला कायद्यानं सूट आहे, त्यामुळे देवळात किंवा हळदीत गाताना घाबरायचं कारण नाही. प्रश्न येतो तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकल्यावर. सिनेमाच्या चालीवर बसवलेलं भजन किंवा कंपनीच्या ट्रॅकवर म्हटलेलं गाणं टाकलं की कंपनीचा दावा येतो. मग त्याची कमाई तिकडे जाते किंवा व्हिडिओ बंद होतो. म्हणून ओळखीसाठीचा व्हिडिओ आपल्या पारंपरिक चालीचाच ठेवा. आजीकडून आलेली ओवी, जात्यावरचं गाणं, गावची जुनी चाल हीच आपली खरी मालमत्ता आहे, आणि शहरातल्या लोकांना तीच नवी वाटते.

आपलाही हक्क आहे बरं का. १९९४ पासून कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क मानलेला आहे. तुमच्या गायनाचं रेकॉर्डिंग करून त्यावर कोणाला धंदा करायचा असेल तर तुमची परवानगी लागते. म्हणून व्हॉट्सअॅपच्या निरोपात एक ओळ वाढवा: "व्हिडिओ घरगुती आठवणीसाठी चालेल, कुठे टाकला तर मंडळाचं नाव आणि गाव लिहावं, विक्रीसाठी वापरायचा तर आधी विचारावं." आणि तुमच्यातली एखादी स्वतः गाणी रचत असेल तर ती तारखेसह वहीत लिहून ठेवा. "सगळे हक्क कायमचे दिले" असं लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे, ती सभासदांना रॉयल्टी गोळा करून देते.

वाटणी आधी ठरवा

मंडळं बेसूर झाल्यानं फुटत नाहीत, पैशाच्या वाटणीनं फुटतात. वरच्या नमुन्यात १०,००० आले. गाडी, जेवण, झीज आणि फोन मिळून ४,२०० खर्च झाले. उरले ५,८००. त्यातून प्रत्येकीला ४०० दिले की ४,००० गेले. राहिलेले १,८०० मंडळाच्या निधीत. पेटीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं असेल तर त्याचा हप्ता ह्या निधीतून जातो, कोणाच्या घरच्या डब्यातून नाही.

मुख्य गाणारीला जास्त द्यायचं का, बाहेरचा तबलजी आणला तर त्याचे किती, आजारी म्हणून न आलेलीला काय, हे सगळं पहिला रुपया यायच्या आधी ठरवा. पैसे हातात आल्यावर हे प्रश्न कडू होतात.

घरातल्या लोकांनाही हा हिशेब दाखवा. "रात्रीबेरात्री कुठं जातेस?" ह्या प्रश्नाला "कामाला जाते, साडेआठला निघू, गाडी ठरली आहे, हे घे ठिकाण आणि नंबर," हे उत्तर असलं की घरचा विरोध बराच कमी होतो.

ही दारंही ठोठावून बघा

आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर गायला ऑडिशन, म्हणजे आवाजाची परीक्षा द्यावी लागते. पास झालेल्या कलावंताला बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते. त्या श्रेणीचा कागद पुढे सगळीकडे उपयोगी पडतो. नागपुरातच सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे लोककलांचे कार्यक्रम होतात. तिथे मंडळाची माहिती आणि व्हिडिओ देऊन ठेवा.

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास राज्य सरकारनं १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये अनुदान जाहीर केलं होतं. अशा योजनांत अर्जाची मुदत थोडी असते. ज्यांचे कागद तयार असतात त्यांचाच अर्ज वेळेत जातो. तुमच्या मंडळातल्या पन्नाशीपुढच्या ताईंनी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेबद्दल पंचायत समितीत चौकशी करावी. तिथे किती वर्षं कला केली ह्याचा पुरावा मागतात. म्हणून आजपासूनच कार्यक्रमाचं पत्रक, वर्तमानपत्रातलं कात्रण, प्रमाणपत्र, फोटो, आणि व्हॉट्सअॅपवरच्या "मान्य"चा कागद एका फाइलीत लावत जा.

पुढच्या सभेत एवढं करा

कुहीकडच्या त्या मंडळानं दोन महिने बाहेरचं गाणं बंद ठेवलं होतं. मग त्यांनी सभेत बसून तीन याद्या केल्या, खर्च मांडला, फलक शिवला. त्यानंतर शहरातून तीन फोन आले. दोघांनी दर ऐकून पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्यानं थोडी घासाघीस केली, दुपारची वेळ मान्य केली आणि इसार पाठवला. दोन गेले ह्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण त्या दोन्ही ठिकाणी गेल्या असत्या, तर घरच्या डब्यालाच पुन्हा हात लागला असता, हे आता त्या स्वतःच सांगतात. गावच्या देवळातलं गुरुवारचं भजन मात्र पहिल्यासारखंच चालू आहे, बिनपैशाचं.

तुमच्या गटातही गाणाऱ्या असतील तर येत्या मासिक सभेत हा विषय घ्या. तीन याद्या लिहा, आपला दर काढा, व्हॉट्सअॅपचा निरोप एकदा मोठ्यानं वाचून ठरवा, आणि पैसे कोणाच्या नंबरवर घ्यायचे त्याचा ठराव करा. लिहिताना अडलं तर सीआरपी ताईंना सोबत बसवा. आणि फोनवर दर सांगायचं काम जिला संकोच वाटत नाही अशा एकीकडे द्या. सगळ्यात गोड गाणारीनंच दर सांगितला पाहिजे असं काही नाही.